लहानशा खरेदीचे पैसे

यंदाच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें संपादकांनीं सुचविलें, तेव्हां एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर किंवा प्रवासावर लिहावें असा माझा विचार होता. परंतु आपल्या शाळेच्या तिकीटसंग्रह मंडळांत मध्यंतरीं एक प्रसंग घडला. रकमेनें तो लहान होता, पण त्यानें माझ्या मनाला पुष्कळ दिवस स्वस्थता लाभूं दिली नाहीं. इंटरनेटवरील लिलावांत शेंदोनशें रुपयांची वस्तु घेतली, तर तिचे पैसे कोणत्या रीतीनें द्यावे, एवढाच तो प्रश्न. विषय बाजारी वाटेल. तथापि जो प्रश्न विद्यार्थी मला महिन्यांतून चार वेळां विचारतात आणि ज्याचें उत्तर त्यांच्या आईबापांनाही हवें असतें, त्याची लाज कां बाळगावी? म्हणून पालकमंडळींची क्षमा मागून मी तोच विषय हातीं घेतों.

जुन्या तिकिटांचा नाद मला वडिलांमुळें लागला. ते आमच्या मंडळीचे खजिनदार होते आणि आठ आण्यांच्या वर्गणीचीही पावती फाडीत असत. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं तिकिटांचीं पाकिटें व्ही. पी.नें येत. हल्लींच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. व्ही. पी. म्हणजे किंमत वसूल करून माल पोंचता करण्याची टपालखात्याची रीत. ती आपल्या देशांत १८७७ सालीं सुरू झाली. १८८० सालीं मनीऑर्डर आली, आणि १९३५ सालीं इंडियन पोस्टल ऑर्डर. विक्रेता माल टपालांत टाकी; पोस्टमन तो दारीं आणी; आपण पैसे मोजले म्हणजे तो माल आपल्या हातीं देई; आणि टपालखातें ती रक्कम विक्रेत्याला पोंचवी. पुण्यामुंबईचे ग्रंथविक्रेते खेडोपाडीं पुस्तकें धाडीत, तीं याच वाटेनें. एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन माणसांमध्यें खाकी पोशाखांतला एक ओळखीचा माणूस उभा राही, हें या रीतीचें मर्म होतें.

तरीही तींत एक उणीव होती. पैसे दिल्यावांचून पाकीट फोडतां येत नसे. एकदां 'शंभर निवडक तिकिटें' अशी जाहिरात वाचून मागविलेलें पाकीट वडिलांनीं पैसे देऊन फोडलें, तों निम्मीं तिकिटें कडा फाटलेलीं व कित्येक एकाच जातीचीं निघालीं. मी रडकुंडीस आलों. वडील रागावले नाहींत. त्यांनीं वहींत खर्च मांडला आणि ते म्हणाले, "पैसे आपल्या दारांत दिले हें खरें, पण डोळे झांकून दिले." त्या वाक्याचा पुरता अर्थ मला तेव्हां उमगला नव्हता.

पुढें मी पदवी घेऊन शिक्षक झालों, आणि काळ पालटला. २००० सालीं बाझी डॉट कॉम नांवाचें लिलावाचें स्थळ इंटरनेटवर आपल्या देशांत निघालें; २००४ सालीं अमेरिकेच्या ईबे कंपनीनें तें विकत घेतलें. एका जुन्या पोस्टकार्डासाठीं मीं आयुष्यांतील पहिली बोली केली ती तेथेंच. त्या स्थळावर 'पैसापे' नांवाची सोय होती. ग्राहकाचा पैसा थेट विक्रेत्याच्या हातीं न पडतां मध्यें थांबे आणि मालाची खातरजमा झाल्यावर पुढें जाई. २०१७ सालीं ईबेचा भारतांतील कारभार फ्लिपकार्टकडे गेला व ऑगस्ट २०१८ मध्यें तें स्थळ बंद पडलें.

पैसा मध्यस्थाच्या हातीं ठेवण्याची ही कल्पना आम्हां कोल्हापूरकरांना मुळींच नवी नाहीं. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दींत १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराला तिनें हक्काचें घर दिलें. पुढें शाहू मार्केट यार्डांत निघणारे गुळाचे सौदे ज्यानें पाहिले नाहींत असा कोल्हापूरकर विरळा. मी दरवर्षीं एक वर्ग तेथें घेऊन जातों. शेतकरी आपला गूळ अडत्याच्या दुकानीं उतरवितो. रव्यांच्या थप्प्या लागतात. व्यापारी बोली चढवीत जातात. पण सौदा तुटल्यावर शेतकरी त्या व्यापाऱ्यामागें पैशांसाठीं धांवत नाहीं. तो अडत्याकडून पट्टी घेतो, आणि व्यापाऱ्याकडून वसुली करणें हें अडत्याचें काम. बोली कोणाचीही असो, पैशाची जोखीम कोणीं घ्यावयाची हें बोलीच्या आधींच ठरलेलें असतें. मोबाईलवर लिलाव खेळतांना आपण नेमका हाच क्रम उलटा करतों. बोली चढत असतां आपलें सारें लक्ष किमतीवर असतें. पैसा कोणत्या वाटेनें जाणार याचा विचार आपण जिंकल्यावर, आणि तोही घाईघाईनें करतों.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों.

ईबे गेल्यानंतर मी ज्या लिलावांत भाग घेई ते बहुतेक मोबाईलवरील गटांत चालत. कोणी तिकिटाचें छायाचित्र टाकतो, रात्रीं नऊला बोली बंद होते आणि जिंकणारा यूपीआयनें पैसे धाडतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ सालीं सुरू केलेली ही व्यवस्था आज भाजीच्या टोपलीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत सर्वत्र पोंचली आहे. तिच्याइतकी सोयीची दुसरी वस्तु मीं क्वचितच पाहिली असेल.

एका पावसाळ्यांत अशाच एका गटांत कोल्हापूर संस्थानच्या कोर्ट-फी स्टँपांचा लहानसा संच लिलावास आला. आपल्या संस्थानाचीं स्वतःचीं टपाल तिकिटें नव्हतीं. पण कोर्टाच्या कागदांवर लावावयाचे स्टँप होते, आणि १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झाल्यावर ते इतिहासजमा झाले. असा संच आपल्या संग्रहीं असावा, मुलांना तो दाखवून संस्थानी कारभाराचा धडा शिकवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. दोनशांपासून निघालेली बोली मीं ३४० रुपयांपर्यंत नेली व संच मला सुटला. अर्ध्या मिनिटांत पैसे गेले. दुसऱ्या दिवशीं बंद पाकिटाचें छायाचित्र आलें. तिसऱ्या दिवशीं टपालाचा म्हणून एक क्रमांक आला. तो क्रमांक कोठेंच लागेना. आठव्या दिवसापासून विक्रेत्यानें उत्तर देणेंच सोडलें.

मीं काय केलें? कांहींच केलें नाहीं. तीनशें चाळीस रुपयांसाठीं कोठें तक्रार करीत बसावयाचें, अशी मीं मनाची समजूत घातली. खरें कारण निराळें होतें. ज्या मुलांना मी हिशेबाचे धडे देतों त्यांच्यापुढें 'मी फसलों' असें म्हणण्याची मला लाज वाटली. गटांतही मीं चकार शब्द काढला नाहीं.

तीन महिन्यांनीं आमच्या मंडळांतील नववीचा एक विद्यार्थी त्याच विक्रेत्याकडून फसला. त्याचे ४८० रुपये गेले. त्याची आई शिवणकाम करते. मोबाईल तिचा, खातें तिचें, आणि ती रक्कम म्हणजे तिच्या कित्येक संध्याकाळची शिलाई. मुलानें आईला विचारून पैसे दिले होते, चोरून नव्हे, हें मी मुद्दाम लिहितों. पाकीट येईना म्हणून त्यानें विक्रेत्याकडे तगादा लावला. तेव्हां त्या गृहस्थानें एक क्यूआर कोड धाडला आणि 'हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे परत जमा होतील' असें कळविलें. मुलगा तसें करणार, इतक्यांत आईनें मोबाईल त्याच्या हातून काढून घेतला. शाळेंत मला भेटावयास आली तेव्हां ती म्हणाली, "सर, पैसं आपल्याकडं येणार असतील तर पिन आपण कशाला टाकायचा? एवढं मला कळतं." सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनें या साऱ्या व्यवहाराचें सूत्रच सांगितलें. पैसे देण्यास पिन लागतो. घेण्यास तो कधींही लागत नाहीं. हें वाक्य प्रत्येक मुलानें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.

पण तिचें पुढचें बोलणें मला अधिक लागलें. "तुमच्या मंडळातलं काम म्हणून मी जास्त काय विचारलं न्हाई, सर." मी तिला म्हणालों, "ताई, याच माणसानें तीन महिन्यांपूर्वीं मला फसविलें होतें. मी तें बोललों असतों तर तुमचे पैसे गेले नसते." मीं ४८० रुपये देऊं केले. तिनें ते घेतले नाहींत. "पैसं नकोत मला," ती म्हणाली, "पण आता तरी सगळ्या पोरांना सांगा." हा लेख म्हणजे तिच्या त्या शब्दाचें पालन आहे.

त्याच संध्याकाळीं आम्हीं १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदविली, सरकारी संकेतस्थळावर ती लेखी दिली, आणि बँकेला व्यवहाराचा बारा आंकडी क्रमांक कळविला. पैसे परत आले नाहींत. फार उशीर झाला होता. अशी तक्रार पहिल्या कांहीं तासांतच केली तर रक्कम पुढें जाण्यापूर्वीं अडविली जाण्याचा संभव असतो, हें मला त्या दिवशीं कळलें. मग मीं गटांत सारी हकीकत लिहिली. तासाभरांत आणखी चौघांनीं 'माझेंही असेंच झालें' म्हणून लिहिलें. कोणाचे दीडशें, कोणाचे सहाशें. चौघेही आजवर माझ्यासारखेच गप्प बसले होते. गटप्रमुखानें त्या विक्रेत्यास काढून टाकलें. त्याचा धंदा आम्हां सर्वांच्या मौनावर चालला होता. मोठी रक्कम बुडाली तर माणूस आरडाओरडा करतो. लहान बुडाली तर ती गिळतो. आणि लहान रकमांवर हात मारणाऱ्याला हें चांगलें ठाऊक असतें.

पुढच्या आठवड्यांत मंडळाच्या बैठकींत मीं प्रथम माझी फसगत मुलांना सांगितली. मुलें हंसलीं नाहींत. मग आम्हीं फळ्यावर पैसे देण्याच्या सर्व रीति लिहिल्या आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारले. वस्तु हातीं येईपर्यंत पैसा कोणाजवळ राहतो? वस्तु न आल्यास कोणाच्या दारीं जावयाचें? आणि पुरावा म्हणून आपल्याजवळ काय उरतें?

यूपीआयचा पुरावा उत्तम. दिवस, वेळ, नांव व क्रमांक सारें नोंदलेलें असतें, आणि पाठविण्यास खर्चही पडत नाहीं. परंतु पहिल्या प्रश्नाला तिचें उत्तर असें कीं, पैसा तत्क्षणीं विक्रेत्याजवळ जातो. येथें एक गैरसमज पुष्कळांचा होतो. पैसे आपल्या खात्यांतून गेले पण समोरच्याला पोंचले नाहींत, तर ते ठराविक मुदतींत परत यावे असा नियम रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालीं केला. तसेंच आपल्या संमतीवांचून खात्यांतून पैसे काढले गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आंत कळविणाऱ्या ग्राहकाला संरक्षण देणारें परिपत्रक तिनें २०१७ सालीं काढलें. पण आपण स्वतः पिन टाकून दिलेले पैसे पोंचले आणि वस्तु मात्र आली नाहीं, ही गोष्ट या दोहोंतही बसत नाहीं. यंत्रानें आपलें काम चोख केलेलें असतें; चूक आपण माणूस ओळखण्यांत केलेली असते. त्यांत २०२२ पासून यूपीआय लाइटमध्यें लहान रकमेला पिनचीही गरज उरली नाहीं. तें सोयीचें खरें, पण विचार करावयास मिळणारा तो एक क्षणही त्यामुळें गेला. म्हणून आमच्या मंडळानें ठरविलें कीं, यूपीआयनें थेट पैसे ओळखीच्या विक्रेत्यालाच द्यावे.

अनोळखी विक्रेत्याशीं व्यवहार असेल तर लिलावाचें स्थळ पैसे मध्यें धरून ठेवतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ही अडत्याची रीत होय. तींत स्थळाचें कमिशन किमतींत मिसळलेलें असतें व वस्तु थोडी महाग पडते. मग विक्रेता हळूच लिहितो, 'स्थळाबाहेर थेट द्या, पन्नास रुपये कमी घेतों.' हे पन्नास रुपये म्हणजे आपल्या संरक्षणाचीच किंमत. तीच आपण सूट म्हणून हंसत हंसत सोडून देतों.

क्रेडिट कार्डानें पैसे दिले असतां वस्तु न आल्यास बँकेकडे लेखी हरकत घेतां येते, हा त्याचा मोठा गुण. परदेशांतील विक्रेत्याकडून तिकिटें घेणाऱ्या पालकांना तीच वाट बरी. मात्र परकीय चलनाच्या अदलाबदलीचा आकार, टपालखर्च आणि कधीं जकात, हे सारे मिळून दोनशांच्या तिकिटाला पांचशेंचें करतात. त्यांचा हिशेब बोलीपूर्वींच करावा.

दारांत पैसे देण्याची रीत सुरक्षित वाटते. पण माझ्या वडिलांचें वाक्य येथें आठवावें. पाकीट येतें हें निश्चित, आंत काय आहे तें निश्चित नाहीं. असें पाकीट उघडतांना दुसऱ्याला मोबाईलवर चित्रण करावयास सांगावें, म्हणजे निदान तिसऱ्या प्रश्नाला उत्तर राहतें. मनीऑर्डर, पोस्टल ऑर्डर व चेक यांचा माग राहतो, पण तेथेंही पैसा वस्तूच्या आधीं निघतो. म्हणून तो ओळखीचाच मार्ग समजावा.

एका चलाख मुलानें येथें मला अडविलें. "सर, शंभर रुपयांच्या तिकिटाला एवढा बंदोबस्त?" प्रश्न रास्त होता. राखणीचा खर्च पिकाहून अधिक होतां कामा नये. म्हणून आम्हीं आणखी एक नियम केला. नव्या विक्रेत्याकडून पहिली खरेदी अगदीं लहान करावी, जी बुडाली तर घरांत कोणाचें कांहीं अडणार नाहीं. ती नीट पोंचली तर दुसरी थोडी मोठी करावी. विश्वास हा एकदम द्यावयाचा नसतो. तो हप्त्यांनीं द्यावयाचा असतो.

पालकांसाठीं एक सूचना. मुलाला आपला पिन सांगूं नये. बोलीपूर्वीं त्यानें विचारावें, पैसे आपण द्यावे. २०२४ सालीं निघालेल्या यूपीआय सर्कलच्या सोयींत घरांतील दुसऱ्या व्यक्तीनें पैसे द्यावयाचे आणि प्रत्येक वेळीं खातेदारानें मंजुरी द्यावयाची, अशीही व्यवस्था करतां येते. ज्यांना ती जमेल त्यांनीं जरूर करावी.

पण हें सर्व लिहितांना मुलांच्या मनांत प्रत्येक विक्रेता चोर असतो असें भरावें, ही माझी इच्छा नाहीं. विक्रेत्यालाही आमची भीति असते. बोली जिंकून पैसे न देणारे, दारीं आलेलें पाकीट नाकारून त्याच्या माथीं टपालखर्च मारणारे, माल मिळाला असूनही नाहीं म्हणणारे ग्राहक कांहीं थोडे नाहींत. बोली म्हणजे दिलेला शब्द. ती रकमेनें लहान असली म्हणून शब्द लहान होत नाहीं. मिरजेचे एक वृद्ध संग्राहक आहेत. मी त्यांच्याकडून प्रथम तीस रुपयांचें एक तिकीट घेतलें होतें व पैसे त्याच रात्रीं दिले होते. हल्लीं ते तिकिटें आधीं पाठवितात आणि पाकिटांत एक चिठ्ठी घालतात : 'पाहून घ्यावें, मग सवडीनें पैसे पाठवावे.' ही सवलत मला कोणत्याही कंपनीनें दिलेली नाहीं. दहा वर्षें वेळेवर दिलेल्या लहान लहान रकमांनीं ती मिळविली आहे. त्यांच्याकडूनच गेल्या हिवाळ्यांत संस्थानच्या कोर्ट-फी स्टँपांचा संच मला मिळाला. ज्याला पाहावयाचा असेल त्यानें शनिवारीं मंडळांत यावें.

तो नववीचा विद्यार्थी आतां दहावींत आहे. मंडळाची एक वही त्याच्या ताब्यांत दिली आहे. तींत विक्रेता, वस्तु, रक्कम, पैसे कसे दिले, पाकीट कधीं आलें हें तो लिहितो. आणि न आल्यास तेंही तांबड्या शाईनें लिहितो. त्या वहींतील पहिली तांबडी ओळ ३४० रुपयांची आहे व तिच्यापुढें माझें नांव आहे. तें त्यानें संकोचून रिकामें सोडलें होतें. मीं तें स्वतःच्या हातानें भरलें. दुसरी ओळ त्याची स्वतःची. तिसरी अद्याप लिहावी लागलेली नाहीं.